हलकी लस, भारी लस

ज्या गोष्टीचा एकच प्रकार मिळतो, तिच्याबद्दल माणसाच्या मनात शंका नसते. मृत्यू, सरकारी सुट्टी आणि साकोलीच्या बसस्थानकावरचा चहा ही याची ठळक उदाहरणे होत. शंका सुरू होते ती दुसरा प्रकार आल्यावर. पोलिओच्या थेंबांचेच बघा. रविवारी सकाळी लेकराला बूथवर न्यायचे, तोंड उघडायचे, बोटाला शाई लावून घरी आणायचे. थेंब कोणत्या प्रकारचे, असे कोणी विचारले नाही, आणि पोलिओ गेला. (याचे श्रेय शास्त्र घेते. निवडायला काही नव्हते, हे दुसरे कारण नोंदवायचे राहून गेले.)

लहान मुलांच्या फ्लूच्या लशीचे दुर्दैव असे की ती साकोलीत आली तीच दोन प्रकारांत. एक सुईची, दंडात टोचायची. दुसरी फवाऱ्याची, नाकात मारायची. दोन्ही डॉक्टर रहांगडाल्यांच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये एकाच कप्प्यात, एकमेकींशी काही वैर नसल्यासारख्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्यांच्यात निवड करायची आहे ही बातमी हायवेच्या दक्षिणेकडच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, आली आणि जबाबदार नागरिकांची झोप उडाली.

सर्वांत जबाबदार नागरिक म्हणजे वासुदेवराव लांजेवार. भंडाऱ्याच्या एका कार्यालयातून ते मोठ्या बाबूच्या पदावरून निवृत्त झाले. निवाडा करावा तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती होती आणि ती उगाच नव्हती. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा निघाला तेव्हा त्यांच्या कार्यालयातले सामान वाटून द्यायला जी समिती बसली, तिच्यात वासुदेवराव होते. खुर्च्या वाटल्या, टेबले वाटली, पंखे वाटले. शेवटी एक लोखंडी कपाट उरले. दोन्ही जिल्हे हट्टाला पेटले. वासुदेवरावांनी पुष्कळ विचार करून तोडगा काढला : कपाट भंडाऱ्याला, किल्ली गोंदियाला. कोणावरच अन्याय झाला नाही. (कपाटात काय होते, हे दोन्ही जिल्ह्यांना आजतागायत ठाऊक नाही आणि कोणाचे त्यावाचून अडलेलेही नाही.)

खरे सांगायचे तर वासुदेवरावांना निवड करण्याची भीती वाटे. निवडलेल्या गोष्टीला मालक असतो. न निवडलेल्या गोष्टीला नशीब असते. चूक झालीच तर ती नशिबाची असावी, आपली नसावी, एवढेच त्यांचे आयुष्याकडे मागणे होते. पण यंदा नशिबावर टाकता येणार नाही असे एक काम त्यांच्याकडे आले होते.

हे काम म्हणजे खुशबू. त्यांची नात, वय सहा. तिचा बाप, म्हणजे वासुदेवरावांचा मुलगा भुपेंद्र, रायपूरला कंपनीत होता. आई उर्वशी बपेऱ्याच्या शाळेत मास्तरीण. ते गाव पार मध्य प्रदेशच्या हद्दीला टेकलेले, म्हणून ती तिकडेच खोली करून राही आणि शनिवारी घरी येई. पोर आजी-आजोबांपाशी. मागच्या भाद्रपदात खुशबूला साधी सर्दी झाली आणि तिची छाती वाजू लागली. बासरीत फुंकर नीट न बसल्यावर जसा आवाज निघतो, तसा. भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवावे लागले. तोंडावर वाफेचा मास्क लावून ती पोर शहाण्यासारखी बसून राही आणि वासुदेवराव बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरचा 'थुंकू नका' हा फलक वाचत राहत. त्या फलकातली सगळी अक्षरे त्यांना पाठ झाली. आवाज मात्र कानातून गेला नाही.

म्हणून यंदा वैशाखातच उर्वशीने सासऱ्यांना सांगून टाकले होते.

"मामाजी, पावसाच्या आधी खुशबूले फ्लूची लस देऊन टाका. बाकी कायच करू नोका. पेन्शनचं राहू द्या, नळाचं राहू द्या. हे एवढं एकच काम."

"देऊन टाकतो ना बेटा," वासुदेवराव म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले.

डॉक्टरांकडे पोरीला घेऊन जाणे हा या कामाचा सरळ मार्ग होता. पण सरळ मार्गाने गेलेल्या माणसाला कोणी जबाबदार म्हणत नाही. शिवाय आमच्याकडे डॉक्टरला विचारण्याची योग्य जागा दवाखाना नव्हे, लग्न होय. दवाखान्यात डॉक्टर तपासतो. लग्नात तो मोकळेपणाने बोलतो. तेव्हा वासुदेवरावांनी अड्याळच्या एका लग्नात डॉक्टर रहांगडाल्यांना मांडवाच्या खांबापाशी, हातात ताट असताना, गाठले.

"डॉक्टरसाहेब, लहान पोराईले फ्लूची लस कोणती बरी? सुईची का नाकाची?"

"कोणासाठी पाहिजे, काका?"

"नाही, असंच. माहिती म्हणून."

नातीसाठी पाहिजे असे सांगितले असते तर डॉक्टर 'ही द्या' म्हणाले असते आणि मग ती द्यावी लागली असती. वासुदेवराव इतक्या लवकर बांधून घ्यायला तयार नव्हते.

"माहितीच पाहिजे तर दोन्ही बऱ्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण ज्याला द्यायची त्याला घेऊन या. छाती पाहून—"

एवढ्यात वाढपी जिलेबीचे ताट घेऊन मध्ये घुसला. "घ्या ना डॉक्टरसाहेब, एक घ्या, नाही म्हणू नोका!" त्या झटापटीत वाक्याचा उत्तरार्ध जिलेबीखाली गेला. वासुदेवरावांच्या हाती पूर्वार्ध लागला : दोन्ही बऱ्या आहेत. यापेक्षा भयंकर उत्तर त्यांनी सबंध नोकरीत ऐकले नव्हते. एक बरी आणि एक वाईट असती तर प्रश्नच मिटला असता.

परत आल्यावर त्यांनी लेआउटमधल्या मंडळींना ही परिस्थिती समजावून सांगितली. मंडळी गंभीर झाली. प्रश्न एका खुशबूचा नव्हता. घरोघर पोरे होती. त्याच रविवारी, ओपन प्लॉटवरच्या टिनाच्या शेडमध्ये, 'बालक फ्लू लस प्रकार निवड व सल्लागार समिती' स्थापन झाली. अध्यक्ष वासुदेवराव. कृषी सल्लागार परसराम कापगते. याची तलावाखाली धानाची जमीन, घर मात्र लेआउटमध्ये. (लशीच्या समितीत कृषी सल्लागार कशाला, असा प्रश्न एका बाईंनी केला. तो पुढच्या बैठकीत घ्यायचे ठरले.) सचिव अश्विन रामटेके, वीज कार्यालयात नोकरीला, दोन मुलांचा बाप, समितीत सर्वांत तरुण, म्हणून खुर्च्या मांडण्याचे कामही त्याच्याकडे. अल्पोपाहार, म्हणजे तर्रीपोहे, वासुदेवरावांच्या सौभाग्यवती सुशीलाबाईंकडून. सुशीलाबाईंना समितीत घेतले नव्हते, कारण त्यांचे मत पहिल्याच दिवशी तयार होते.

"अवो, पोरगी घरी, डॉक्टर बसस्टँडच्या मागं. नेऊन टाका ना! एवढ्या पोह्याईत तं मी पायी नेऊन आणली असती तिले."

मत पूर्वग्रहदूषित असल्याचे समितीने नम्रपणे नोंदवले आणि पोहे घेतले.

समितीच्या कामाला खरे शास्त्रीय वळण दिले ते परसरामने. आमच्या भागात धान तीन प्रकारचे : हलका, मध्यम आणि भारी. हलका लवकर निघतो, कमी पाण्यात भागतो, उतारा कमी देतो. भारी उशिरा निघतो, पाणी पितो, पण कोठी भरून देतो. परसरामचा बाप यावरून धान ओळखे, आजा यावरून माणसे ओळखे. परसरामने लस ओळखली.

"यात समजाचं काय हाय गा?" तो मांडी बदलत म्हणाला. "नाकातली हलकी. वरच्यावर जाते, वरच्यावर ऱ्हाते. सुईची भारी. मांसात जाते, मुरते, मंग काम करते. आता जमीन पाहून बी निवडाचं!"

मंडळींनी माना डोलावल्या. इतके दिवस अंधारात असलेला विषय एका वाक्यात उजळला. पुढच्या दोन बैठका 'जमीन' ठरवण्यात गेल्या. अंगाने किडमिडीत, चटकन रडणारी आणि पटकन गप्प होणारी मुले हलक्या जमिनीची. गुबगुबीत, उशिरा रडणारी पण रडली की संध्याकाळपर्यंत रडणारी मुले भारी जमिनीची. मधल्या मुलांसाठी मध्यम लस असावी, अशी शिफारस करण्यात आली. (अशी लस अस्तित्वात नाही, हे अश्विनने निदर्शनास आणले. शिफारस करायला वस्तू अस्तित्वात असावी लागत नाही, हे अध्यक्षांनी आपल्या नोकरीच्या अनुभवावरून स्पष्ट केले.)

त्यातच असे कळले की सुईच्या लशीतही दोन तऱ्हा असतात, फ्लूच्या तीन जातींवर चालणारी आणि चार जातींवर चालणारी. या ठिकाणी चर्चा एकदम थांबली, सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि 'जाती' हा शब्द कामकाजात कुठेही येऊ नये, त्याऐवजी 'प्रकार' म्हणावे, असे एकमताने ठरले. समितीच्या कारकिर्दीतला हा सर्वांत जलद ठराव होय.

दुसरा जलद ठराव गोलार्धाचा. फ्लूची लस दरवर्षी दोनदा नव्याने बनते, एक उत्तर गोलार्धासाठी, एक दक्षिण गोलार्धासाठी. आणि आपल्याकडे पावसाच्या आधी दक्षिणेची देतात, अशी माहिती कोणाच्या तरी मोबाईलवर आली. परसराम संतापला. "आपण का लंकेत राह्यतो का?" वासुदेवरावांनी नकाशा मागवला. साकोली उत्तर गोलार्धात निघाली. मग अध्यक्षांच्याच लक्षात आले की पृथ्वीचे माहीत नाही, पण साकोलीचे दोन भाग हायवेने केलेले आहेत आणि आपले लेआउट निःसंशय हायवेच्या दक्षिणेला आहे. सबब आपल्या मुलांना दक्षिणेची लस योग्य. हायवेपलीकडच्यांनी आपले आपण पाहावे. (निर्णय बरोबर होता. समितीच्या हातून घडलेली ही एकमेव बरोबर गोष्ट असल्याने कारणांची चिकित्सा करणे कृतघ्नपणाचे होईल.)

एवढे झाल्यावर लस देऊन टाकायला हरकत नव्हती, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. बाहेरच्या माणसाला धानातले कळत नाही. नवे वाण पहिल्या वर्षी आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी लावायचे नसते. ते दुसऱ्याच्या बांधीत पाहायचे असते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाता-येता नजर टाकायची, लोंब्या कशा आल्या, कीड लागली का, वाऱ्याने लोळले का. मग पुढच्या वर्षी सावकाश ठरवायचे. या शहाणपणामुळे आमच्या तालुक्यात नव्या वाणाने आजवर कोणाचे नुकसान केलेले नाही. (पहिल्या वर्षी ते लावतो तरी कोण, याचा शोध घेतला असता तो माणूस दर वेळी शेजारच्या तालुक्यातला निघतो. शेजारच्या तालुक्यात विचारले असता तो आमच्या तालुक्यातला असल्याचे सांगतात.)

तेव्हा समितीने घरोघर फिरून मते घेतली. निष्कर्ष पुढीलप्रमाणे. मुलांना लस द्यावी असे वाटणारे पालक : शंभर टक्के. ती आपल्या मुलाला सर्वांत आधी द्यावी असे वाटणारे : शून्य टक्के. ती शेजारच्या मुलाला सर्वांत आधी द्यावी असे वाटणारे : पुन्हा शंभर टक्के, ज्यांच्या दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट आहेत ते कोपऱ्यावरचे कुटुंब धरून.

जो पालक प्रथम पुढे येईल त्याच्या बालकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे जाहीर झाले. पालक भारावले. 'एवढा मान आमच्या लेकराला झेपणार नाही,' असे सर्वांनी हात जोडून कळवले. शाल अध्यक्षांच्या घरी कपाटावर पडून राहिली आणि नारळ एकादशीला फोडण्यात आला.

"तुझी दोन पोरं हायेत अश्विन," परसरामने एकदा सरळच विचारले. "एकाले हलकी दे, एकाले भारी दे. दोन्हीचा उतारा एकाच वर्षी समजते."

"काकाजी, पहिला मान अध्यक्षसाहेबाचा," अश्विन पोह्यांवर तर्री घेत अदबीने म्हणाला. "मोठ्या माणसाले ओलांडून आमी कसं जावं जी?"

वासुदेवरावांना त्याचा हा विनय फार आवडला. आणि थोडा टोचलाही.

दर शनिवारी संध्याकाळी उर्वशी यायची. चपला काढता काढता विचारायची, "मामाजी, दिली?"

"प्रक्रिया सुरू आहे, बेटा."

पहिल्या शनिवारी ती हसली. दुसऱ्या शनिवारी तिने सासूकडे पाहिले. तिसऱ्या शनिवारी पाऊस लागला होता आणि तिने विचारलेच नाही. नुसती खुशबूच्या पाठीला कान लावून बसली. ते न विचारणे वासुदेवरावांना जड गेले. त्या रात्री त्यांनी मनाशी पक्के ठरवले की सोमवारी आपणच नेऊ. रविवारी सकाळी मोबाईलवर कोणा अनोळखी हितचिंतकाचा संदेश आला की नाकातल्या फवाऱ्याने मुले आळशी होतात. दुपारी दुसऱ्या हितचिंतकाचा आला की सुईने मुले हट्टी होतात. खुशबू मुळातच दोन्ही होती. सोमवार गेला.

मग रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आली. परसराम चिखलात, बाया परसरामच्या मागे चिखलात, आणि गणपूर्तीअभावी समितीचे कामकाज तहकूब. वासुदेवरावांना मनातून हायसे वाटले. रोवणीसाठी थांबलेल्या कामाला या जिल्ह्यात कोणी दिरंगाई म्हणत नाही.

फ्लूने मात्र रोवणीची सुट्टी घेतली नाही. पोळ्याच्या सुमारास शाळेत एक बेंच रिकामा दिसू लागला, मग एक रांग. लेआउटमध्ये घराघरांतून खोकल्याचे सवाल-जवाब सुरू झाले. परिस्थितीचे गांभीर्य ओळखून अध्यक्षांनी तातडीची बैठक बोलावली. बाहेर धो धो पाऊस, म्हणून शेडऐवजी वासुदेवरावांच्या बैठकीच्या खोलीत, दारे-खिडक्या लावून. परसराम नाक पुसत आला. "काही नाही गा, चिखलाची सर्दी हाय," असे सांगून त्याने सगळ्यांना आपल्या हाताने चहाच्या बशा दिल्या. हलकी की भारी यावर दोन तास घसा फोडून चर्चा झाली. निर्णय झाला नाही. पण तिसऱ्या दिवसापर्यंत समितीच्या सर्व सदस्यांनी फ्लूचा प्रत्यक्ष अनुभव घेतला. (अभ्यासगट आपल्या विषयात इतका खोलवर शिरल्याचे उदाहरण विरळा.)

एकटा अश्विन तेवढा सुटला.

वासुदेवराव मागच्या खोलीत, अंगावर दोन गोधड्या, डोके जात्यासारखे फिरते. सुशीलाबाईंनी दार लोटून ठेवले होते आणि खुशबूला तिकडे फिरकायची मनाई होती. मनाई कळण्याइतकी ती मोठी होती, पाळण्याइतकी नव्हती. दुपारी दार किलकिले झाले.

"आबाजी, तुमची छाती वाजते का?"

वासुदेवराव दचकून उठून बसले. पोर उंबरठ्यावर, हातात अर्धा खाल्लेला पेरू.

"आत येऊ नोको!"

"वाजते का पण? माझी वाजत होती ना, तशी? मी पाठ चोळून देऊ?"

आणि ती एक पाऊल आत आली.

वासुदेवरावांनी तोंडावर गोधडी ओढली आणि त्या अंधारात त्यांना प्रथमच साऱ्या प्रकरणाचा नीट उलगडा झाला. इतके महिने ते ज्या आजारापासून नातीला वाचवण्याचा प्रकार निवडत होते, तो आजार घरात आला होता, पलंगावर निजला होता, आणि समितीचा अध्यक्ष होता. दोन हातांच्या अंतरावर ती पोर श्वास घेत होती. भंडाऱ्याच्या त्या बाकाची फळी त्यांना पाठीला टोचल्यासारखी झाली.

"सुशीला!" गोधडीतूनच ते ओरडले. "सुशीला, हिले घेऊन जा! आताच्या आता! डॉक्टरकडं!"

सुशीलाबाई पदराला हात पुसत धावत आल्या, आधी नातीला बखोटीला धरून बाहेर काढले आणि मग दारातून विचारले, "कोणती देऊ म्हणू?"

आत आधी खोकल्याची उबळ आली.

"जे असंल ते," वासुदेवराव म्हणाले.

प्रत्यक्ष लस देण्याचा, समितीच्या स्थापनेपासूनचा, हा पहिला निर्णय. तो ताप चढलेला असताना, गोधडीखाली, विषयपत्रिकेशिवाय झाला, हे त्याच्या वैधतेला बाधक ठरू शकेल. पण सुशीलाबाई तोवर ऑटोत बसल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टर रहांगडाल्यांनी खुशबूला तपासले. ताप नाही, नाक कोरडे. मागच्या साली भंडाऱ्याला ठेवले होते हे सुशीलाबाईंनी सांगितले, तसे ते थांबले.

"छाती वाजते हिची? मग काकी, हिच्यासाठी दोन प्रकार होतेच कुठं? ज्यांची छाती वाजते त्यांना नाकातली नाही देत आम्ही. हिला सुईचीच. काका लग्नात भेटले होते तेव्हा म्हटलं होतं ना, घेऊन या, छाती पाहून सांगतो!"

"ते सांगणं आमच्या घरापर्यंत नाही आलं जी," सुशीलाबाई म्हणाल्या.

सुई टोचून झाली. खुशबू रडली नाही. परसरामच्या शास्त्राने ती भारी जमिनीची असल्याने संध्याकाळी रडेल अशी अपेक्षा होती, पण तेव्हाही रडली नाही. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिलीच वेळ असल्याने महिन्याने दुसरा डोस. आणि लशीला काम करायला दोनेक आठवडे लागतात, तोवर काकांपासून दूर ठेवा.

दूर म्हणजे कुठे? बपेऱ्याला उर्वशीच्या शाळेतही निम्मी मुले खोकत होती. सुशीलाबाई फाटकात उभ्या राहून विचार करत होत्या, तेवढ्यात अश्विन मास्क लावून आला.

"काकी, खुशबूले आमच्या घरी राहू द्या. काकाजी बरे होयेपर्यंत."

"अरे बापा, तुहे दोन पोट्टे हायेत ना घरी. त्याईले झालं तं?"

अश्विनने मागे वळून पाहिले, कोणी नाही याची खात्री केली, आणि आवाज खाली आणला.

"त्याईले लस होऊन तीन महिने झाले जी. एकाले सुईची, एकाले नाकातली; डॉक्टरनं तपासून जी सांगतली ती. आमी नवरा-बायकोनंही टोचून घेतली."

सुशीलाबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. "आणि समितीत काहून बसत होता मंग? सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं, तं रोज सकाळी अख्खं लेआउट माह्या पोट्ट्याईचं नाक पाहाले आलं असतं काकी. शिंक आली की बैठक." तो जरा घुटमळला. "आणि पोहे तुमचे चांगले राह्यतात."

शनिवारी उर्वशी आली. हकीकत तिने फाटकातच ऐकली. मागच्या खोलीच्या दाराबाहेर ती स्टूल घेऊन बसली. आत वासुदेवराव उतरत्या तापात, भिंतीकडे तोंड करून.

"मामाजी, एक विचारू? समिती नसती बसवली, तं काय केलं असतं तुमी?"

वासुदेवरावांनी भिंतीलाच उत्तर दिले. "डॉक्टरकडं नेलं असतं."

"मंग?"

"मंग त्यानं सांगतली असती ती दिली असती."

"हं." ती उठली. "दुसऱ्या डोसची तारीख मी माह्या मोबाईलमंधी टाकून ठेवली हाय. त्याचा विचार तुमी नोका करू. काढा घ्या, गरम आहे तोवर."

काढा कडू होता. वासुदेवरावांनी तो एका दमात संपवला आणि, सबंध आयुष्यात प्रथमच, कोणाचेही मत न विचारता, आणखी मागितला.

समितीचे सदस्य यथावकाश हिंडूफिरू लागले. आपण सर्वांनी फ्लूला समोरासमोर तोंड दिले असल्याने आपले मत आता अधिक वजनदार झाले आहे, असे परसरामचे म्हणणे पडले. दुसरा डोस हलका असावा की भारी, या प्रश्नावर त्याने बैठकीची मागणी केली. पोहे मिळणार नाहीत, असे सुशीलाबाईंनी कळवल्यावर मागणी मागे घेण्यात आली.

खुशबू दोन आठवडे अश्विनच्या घरी राहिली. दंड एक दिवस दुखला. तो तिने अश्विनच्या पोरांना कौतुकाने दाखवला, एकदा हात लावू दिला आणि दुसऱ्यांदा लावायचा मोबदला म्हणून पेरू मागितला. भाद्रपद गेला, दिवाळी गेली, मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, ती आजोबांच्या खांद्यावर बसून आकाशपाळण्याकडे बोट दाखवून ओरडली. छाती वाजली नाही.

इथवर वाचत आलेल्या वाचकाने आता हलकेच सुस्कारा सोडला असेल : चला, पोरीला काही झाले नाही. या सुस्काऱ्याबद्दल त्याने लाजू नये. पण आपल्या घरचे लेकरू तो उद्याच डॉक्टरकडे नेईल, अशी अपेक्षा करणे घाईचे होईल. एका खुशबूवरून काय ठरवायचे? अजून एखादे उदाहरण पाहू, एक पावसाळा जाऊ देऊ, असे त्याला वाटणे अगदी रास्त आहे. त्याने जरूर पाहावे. मात्र पाहता पाहता जरा मान वळवली, तर त्याला दिसेल की कुंपणाच्या पलीकडे एक सद्गृहस्थ केव्हाचे उभे आहेत, आणि तेही अगदी शांतपणे, अजिबात घाई न करता, याच्याच लेकराच्या नाकाकडे पाहत आहेत.